टबचा टवका: निर्णय टाइल लागण्याआधी, दुरुस्ती सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बाथरूमचं नूतनीकरण चालू आहे, जुन्या टाइल काढताना छिन्नी हातातून सुटून टबमध्ये पडली. तळाला, पाणी जायच्या भोकाजवळ, नाण्याएवढा टवका उडाला. आत काळं दिसतंय आणि तिथून वीतभर लांब एक बारीक रेघ निघाली आहे. ठेकेदार म्हणतो, पांढरं इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा मसाला) भरून देतो, कळणारही नाही. आणखी कोणी सांगितलं की आता अख्खा टबच नव्याने कोट करून घ्या. आणि तुम्ही विचारताय, भरायला नेमकं काय आणावं.

काय आणावं ते पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट, कारण तिच्यासाठी तुमच्या हातात फार दिवस नाहीत. तुमच्या भिंती सध्या उघड्या आहेत. टबची कड भिंतीला जिथे भिडते ती जागा दिसतेय, नळाकडची पाइपलाइन दिसतेय, कदाचित टबच्या खाली हातही घालता येतोय. टाइल एकदा टबच्या कडेवर येऊन बसल्या की पुढे टब बदलायचा म्हणजे नव्या टाइलच्या खालच्या ओळी फोडायच्या. म्हणून टब ठेवायचा की काढायचा हे टाइल लागण्याआधी ठरलं पाहिजे. टवका भरायचं नाजूक काम मात्र टाइल, ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात तो मसाला), रंग सगळं उरकल्यावर करायचं. बहुतेक घरांत मला याच्या उलट झालेलं दिसतं. टवका घाईघाईने भरून घेतात, त्या ताज्या भरणावर टाइलवाला पुढचे कित्येक दिवस उभा राहतो, आणि टब मुळात ठेवण्याजोगा होता का हा प्रश्न सगळं लागून झाल्यावर कोणाला तरी सुचतो.

टब कशाचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि जवळपास सगळं त्यावरच अवलंबून आहे. फ्रिजवर लावतात तसला साधा चुंबक टबच्या बाजूला लावून बघा. चिकटला तर आतून धातू आणि वर एनॅमल. नाही चिकटला तर ॲक्रिलिक, फायबरग्लास किंवा दगडाची पूड आणि रेझिन मिसळून ओतलेला टब. धातूतही दोन प्रकार असतात. बोटांनी ठोकल्यावर पत्र्याचा टब घणघणतो. बिडाचा टब बद्द वाजतो आणि त्याची भिंत हाताला जाड लागते. पाच फुटी बिडाचा टब सव्वाशे-दीडशे किलोचा, कधी त्याहूनही जड असतो, तर तेवढाच पत्र्याचा टब दोन माणसं सहज उचलतात. ॲक्रिलिक आणि फायबरग्लास यांतला फरक टवक्यातच कळतो. ॲक्रिलिकच्या शीटचा रंग आरपार एकच असतो. फायबरग्लासवर जेलकोटचा रंगीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या खाली पिवळसर, धागेदार थर दिसतो.

"आत काळं" या तुमच्या शब्दांवरून मला तुमचा टब धातूचा, एनॅमलचा वाटतोय. पुढचं बरंचसं तसं धरूनच लिहितो. चुंबक चिकटला नाही तर ॲक्रिलिकचा भाग खाली आहे, तो वाचा.

एनॅमल हा रंग नाही. ती काच आहे. काचेची पूड धातूवर बसवून साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात आणि ती धातूला कायमची धरते. त्यामुळे ती वर्षानुवर्षं चमकते आणि घासली तरी लवकर झिजत नाही, पण एका ठिकाणी जोराचा घाव बसला की काचेसारखीच टवका टाकते. यातली एक गोष्ट बऱ्याच ठेकेदारांनाही माहीत नसते: एनॅमलचे बहुधा दोन थर असतात. धातूला लागून असलेला थर गडद असतो, काळसर किंवा काळानिळा, कारण काचेने लोखंडाला धरून ठेवावं म्हणून त्यात कोबाल्टचं ऑक्साइड घातलेलं असतं. पांढरा थर त्याच्यावर असतो. म्हणजे तुम्हाला दिसणारं काळं म्हणजे उघडा पडलेला धातूच असेल असं नाही. नुसता पांढरा थर उडाला असेल आणि खालचा काळा थर शाबूत असेल तर तुमचं नुकसान फक्त दिसण्यापुरतं आहे, गंज धरायचा प्रश्न जवळपास नाही. धातू उघडा पडला असेल तर गोष्ट वेगळी.

हे कसं ओळखायचं? टॉर्च तिरपा धरून टवक्यात बघा. काळं चकाकत असेल तर तो काचेचा खालचा थर. करडं, मंद, खरखरीत दिसत असेल तर धातू. तरीही खात्री होत नसेल तर कापसाचा ओला बोळा टवक्यावर रात्रभर ठेवा. सकाळी कापसावर तांबूस डाग आला तर धातू उघडा आहे. मल्टिमीटर असेल तर ही तपासणी मला सगळ्यात आवडते: मीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोकांमध्ये वीज वाहू शकली की आवाज देतो त्या खुणेवर) ठेवा, एक टोक टवक्यात टेकवा, दुसरं टबच्या कडेखाली जिथे कोरा धातू आहे तिथे. आवाज आला तर धातू उघडा. काचेतून वीज जात नाही, त्यामुळे इथे अंदाजाचं काम उरत नाही. मीटरचं टोक टवक्यात दोन-चार ठिकाणी टेकवून बघा, कारण पुष्कळदा मध्यभागी धातू उघडा असतो आणि कडेला काळा थर टिकलेला असतो.

एक तिसरी शक्यता जुन्या घरांत हमखास निघते. टब आधीच कोणीतरी कोट करून घेतलेला असतो. टवक्याची कड नखाने उचलून बघा. काचेची कड धारदार असते आणि उचलली जात नाही. रंगाची कड पापुद्र्यासारखी सुटते. पापुद्रा सुटला तर भरणीचा विचार थांबवा, कारण मसाला कितीही चांगला असला तरी तो सुटणाऱ्या पापुद्र्याला चिकटून बसणार आणि त्याच्याबरोबरच निघणार. मग आधी तो जुना कोट उतरवावा लागेल.

आता ती रेघ. मला टवक्यापेक्षा तिची काळजी जास्त वाटते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रेघेवर पाण्यात विरघळणारी शाई लावा, मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसा. भेग खरी असेल तर शाई आत राहते आणि रेघेचं खरं टोक कुठे आहे ते दिसतं. नुसत्या डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ती बहुधा लांब निघते. मग टवक्याच्या भोवती एक सपाट पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा. पत्र्याच्या टबला घाव बसला की पत्रा थोडा आत जातो, पोचा पडतो, आणि पोच्याभोवतीची काच ताणाखाली राहते. अशी काच आज शाबूत दिसते आणि काही महिन्यांनी आपण होऊन सुटते. पोचा असेल तर टवक्याच्या कडेने लाकडी दांडीच्या टोकाने हलकं ठोकत जा. जिथे आवाज बदलतो किंवा कपचा सुटतो तिथपर्यंत सैल काच आत्ताच काढून टाका. भरायचा भाग मोठा होईल, पण भरणीला पक्की कड मिळेल.

बिडाच्या टबमध्ये पोचा पडत नाही. तिथे रेघ बहुतेक वेळा फक्त काचेत असते. पण बीड ठिसूळ असतं आणि क्वचित घाव आरपार जातो. ते तपासायला टब सहा-सात इंच भरा, बाहेरून रेघेच्या खालची बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यू पेपर चिकटवा आणि काही तासांनी बघा. कागद ओला झाला तर बीड तडकलं आहे, आणि तडकलेल्या बिडाच्या टबवर भरण करण्याचा सल्ला मी देणार नाही.

राहिलं ते भोकाजवळचं ठिकाण. पत्र्याचे टब मेले तर इथेच मरतात. वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे भोकात बसवलेल्या धातूच्या जोडाच्या, कडेखाली पाणी साचून राहतं, वर्षानुवर्षं, आणि गंज आतून पसरतो. प्लंबर घरी आहेच, तर त्याच्याकडून कपलिंग काढून घ्या. भोकाच्या कडेचा धातू वरून आणि खालून बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक गंजलेल्या जागी दाबा. वरचा गंज झडून खाली कडक धातू लागला तर ठीक. टोक आत घुसलं किंवा पापुद्रे सुटू लागले तर तो टब संपलेला आहे. त्यावर काहीही भरलं तरी ते गंजाच्या भुशावर उभं राहील. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचं पाणी जायच्या वरच्या भोकाभोवतीही एक नजर टाका.

इतकं केलंत की निर्णय जवळजवळ आपोआप होतो. माझं मत सांगतो. बिडाचा टब असेल, तडकलेला नसेल, चमक बरी असेल, तर तो ठेवा. एका टवक्यासाठी तसला टब काढू नका. तो बाहेर काढायचा म्हणजे पुष्कळदा घणाने फोडूनच काढावा लागतो. पत्र्याचा टब असेल, धातू कडक असेल, पोचा लहान असेल, तर दुरुस्ती करून ठेवा. पत्र्याचा टब भोकाजवळ गंजला असेल, किंवा पोचा तळहाताएवढा असेल, तर भिंती उघड्या आहेत तोवर बदला. दुरुस्तीचा खर्च कमी दिसतो म्हणून ठेवायचा आणि दोन वर्षांनी नव्या टाइल फोडायच्या, यात पैसे वाचत नाहीत. टब बदलायचा ठरला तर नव्या टबची लांबी, भोक कोणत्या बाजूला आणि कडेची उंची हे जुन्याशी जुळतं का ते आधी मोजा, नाहीतर पाइपलाइनही हलवावी लागते. आणखी एक: झाकायच्या आधी टवक्याचे फोटो काढा, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून, आणि दुरुस्ती कोण करणार, खर्च कोणाचा हे ठेकेदाराशी आत्ताच लेखी ठरवा. काम संपल्यावर ही बोलणी अवघड होतात.

ठेवायचा ठरला तर आता तो पुढच्या कामापासून वाचवायचा. आधी टब नीट धुऊन, कोरडा करून, बारीक खडी उरलेली नाही हे हाताने फिरवून बघा. पांघरुणाखाली राहिलेली वाळू पायाखाली पॉलिश पेपरसारखी फिरते आणि तळ सगळा घासून काढते. धातू उघडा असेल तर टवका कोरडा करून त्यावर पाणी न लागू देणारी टेप लावा. तेल, ग्रीस, मेण लावू नका. गंज थांबेल, पण नंतर तिथे काहीच धरणार नाही. तळावर जाड फोम किंवा जुनी गोधडी, तिच्यावर प्लाय, आणि कडांवर पुठ्ठा. भोक कापडाच्या बोळ्याने बंद करा, नाहीतर ग्राउट आणि सिमेंट खालच्या पाइपच्या वाकड्या भागात (ट्रॅपमध्ये) जाऊन बसेल. टबच्या दोन कडांवर फळी टाकून त्यावर उभं राहू देऊ नका, ॲक्रिलिक असेल तर मुळीच नाही. बाथरूममध्ये ग्राइंडर चालणार असेल तर टब पूर्ण झाका, कारण उडणाऱ्या तप्त ठिणग्या पृष्ठभागात रुततात आणि नंतर तिथे गंजाचे ठिपके उमटतात. आणि टाइल साफ करायचं ॲसिड टबमध्ये सांडू देऊ नका. ते एनॅमलची चमक मारतं आणि ती चमक पॉलिशने परत येत नाही. माझ्या अनुभवात नूतनीकरणात टबचं सगळ्यात मोठं नुकसान हातोड्याने होत नाही, शेवटच्या दिवशीच्या या ॲसिडने होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. एनॅमलच्या टवक्यासाठी दोन भागांचं, पांढरं, पेस्टसारखं इपॉक्सी आणा, ज्याच्या डब्यावर धातूसाठी आणि सतत पाण्यात राहणाऱ्या जागेसाठी चालतं असं लिहिलेलं असेल. गाडीला लावतात ती पॉलिएस्टरची बॉडी पुट्टी टबच्या तळाला वापरू नका. ती घासायला सोपी असते म्हणून कारागिरांना आवडते, पण ती आक्रसते आणि पाणी शोषते. ठेकेदाराने "इपॉक्सी" म्हटलं असलं तरी तो प्रत्यक्षात काय घेऊन आलाय ते डब्यावर वाचा.

भरणीत नव्वद टक्के काम भरायच्या आधीचं असतं. उघड्या धातूवरचा गंज ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धातू चकाकेपर्यंत आणा. कडेची काच थोडी उतरती घासा म्हणजे भरण कडेला पातळ होत मिळून जाईल. जुन्या टबच्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, चिखल फडक्याने टिपून घ्या, मास्क लावा आणि लहान मुलांना तिकडे येऊ देऊ नका. बारीक छिद्रांत गंज उरलाच तर फॉस्फोरिक ॲसिड असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर सांगितलं असेल तेवढा वेळ ठेवा, पुसा. मग जागा अ‍ॅसिटोनने पुसा (एनॅमलवर चालतं, ॲक्रिलिकवर कधीही नाही) आणि हेअर ड्रायरने कोमट करून पूर्ण वाळवा. आसपास कुठे जुनं सिलिकॉन असेल तर ते आधीच खरवडून काढलेलं हवं. सिलिकॉनचा पुसट हात जरी लागला तरी रंग त्या जागेवर बसत नाही, लहान लहान गोल डोळे पडतात. ही साफसफाई आणि भरणी यांत रात्र जाऊ देऊ नका. स्वच्छ लोखंड दमट बाथरूममध्ये काही तासांत पुन्हा गंजू लागतं.

टवक्याभोवती काठाला लागून मास्किंग टेप लावा. इपॉक्सीचे दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. हार्डनर (घट्ट करणारा भाग) जास्त घातला की लवकर वाळेल असा समज आहे, तो इपॉक्सीच्या बाबतीत खोटा आहे. प्रमाण चुकलं की ते कायमचं मऊ राहतं. एनॅमलची जाडी साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे तुमचा टवका खोल नाही, तरीही दोन पातळ थर द्या. पहिला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबून बसवा म्हणजे हवा अडकणार नाही. तो घट्ट झाल्यावर दुसरा, कडेपेक्षा किंचित वर. दुसरा थर रबरासारखा कडक झाला, नखाने दाबलं तर खूण जेमतेम उमटते, त्या वेळी नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून वरचा उंचवटा कापून घ्या. ही वेळ साधली की घासायचं काम निम्म्याने कमी होतं. पूर्ण पक्कं झाल्यावर लहान कडक ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून ४००, ६००, १००० अशा क्रमाने पाणी लावत घासा. आजूबाजूच्या एनॅमलवर टेप राहू द्या. वॉटर पेपर काचेपेक्षा कठीण असतो, आणि टवका गुळगुळीत करता करता त्याच्याभोवती मंद गोल पाडलेले टब मी पुष्कळ बघितलेत.

रेघेसाठी वेगळं काही भरायचं नसतं. काच सैल नसेल तर तिला व्ही आकारात खोदू नका, उगाच टवके वाढतील. कोमट करून त्यावर पातळ, पाण्यासारखं वाहणारं इपॉक्सी लावा, ते भेगेत ओढलं जातं. वर उरलेलं ब्लेडने काढा.

रंग सगळ्यात शेवटी, आणि इथे घाई नको. पांढरे रंग पुष्कळ असतात आणि जुना टब कधीच डब्यातल्या पांढऱ्यासारखा नसतो, तो पिवळसर किंवा करडा झालेला असतो. रंग काचेच्या तुकड्यावर लावा, वाळू द्या, मग तो तुकडा टबवर ठेवून बाथरूमच्या स्वतःच्या दिव्यात आणि दिवसाच्या उजेडात बघा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतात. दोन-तीन अगदी पातळ हात द्या. इतकं करूनही तिरप्या उजेडात जागा ओळखू येईल आणि बोटाला ती सापडेल. "कळणारही नाही" असं जो म्हणतो त्याने भट्टीतली काच घरी आणली पाहिजे. तळाची, भोकाजवळची जागा पाण्याखाली आणि पायाखाली असते, तिथे मी दिसण्यापेक्षा टिकण्याला महत्त्व देतो.

भरण हाताला कोरडं काही तासांत लागतं, पण साधारण वीस-पंचवीस अंश तापमानात त्याला पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या. थंडीत जास्त. दहा अंशांच्या खाली बरीच इपॉक्सी जवळजवळ वाळतच नाहीत, तेव्हा खोली गरम ठेवा.

चुंबक चिकटला नसेल तर हिशेब बदलतो. ॲक्रिलिकमध्ये नुसता ओरखडा असेल तर तो भरायचा नसतो, घालवायचा असतो: ८००, १०००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर क्रमाने, भरपूर पाणी, मग पॉलिश. रंग आरपार असल्यामुळे हे जमतं. फायबरग्लासवर हात राखून करा, कारण तो जेलकोट पातळ असतो. टवका असेल तर त्याच जातीचं दुरुस्तीचं किट आणा. पण तडा असेल तर आधी विचारा की तो का गेला. टबमध्ये उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाका, कोणाला तरी तड्याकडे बघायला सांगा. तळ लवत असेल, करकरत असेल, तर त्याच्याखाली बैठक नाही, पोकळी आहे. छिन्नी फक्त निमित्त झाली. अशा टबला वरून कितीही भरलं तरी पुन्हा त्याच जागी तडकणार. आधी खालून मॉर्टरची किंवा कमी फुगणाऱ्या फोमची बैठक द्यायची, फोम देताना टब पाण्याने भरलेला ठेवायचा म्हणजे फोम टबला वर उचलणार नाही. मग तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं लहान भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, शक्य असेल तर खालच्या बाजूने फायबरग्लासचं कापड रेझिनने बसवायचं, आणि त्यानंतर वरून भरायचं. हे सगळं भिंत उघडी असतानाच शक्य असतं, म्हणून ॲक्रिलिकच्या तड्याची निम्मी दुरुस्ती, म्हणजे खालची, टाइलच्या आधी होते.

ॲक्रिलिक उष्णतेने फार हलतं हेही लक्षात ठेवा. दीड मीटर लांबीचा ॲक्रिलिक टब तीस अंशांनी तापला तर साधारण तीन मिलिमीटर वाढतो, तेवढाच लोखंडी टब अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणून ॲक्रिलिकच्या तड्यात काचेसारखा कडक मसाला भरला तर तो गरम पाण्याच्या आंघोळींनी कडेने सुटत जातो.

अख्खा टब कोट करून घ्यावा का? एका टवक्यासाठी नाही. चमक सगळीकडून गेली असेल, डाग निघत नसतील, टवके अनेक असतील, तर विचार करण्यासारखा आहे. पण तो नवा थर काचेचा नसतो, रंगाचाच असतो, एनॅमलपेक्षा मऊ, आणि सोलायला लागला की भोकाच्या कडेपासून सुरुवात करतो. शिवाय कोट करायचा तरी टवका आधी भरावाच लागतो. आणि हे काम जो करेल त्याला जुना रंग कशाने काढणार हे नक्की विचारा. मिथिलीन क्लोराइड असलेले रंग काढायचे द्रव बंद बाथरूममध्ये जीवघेणे असतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबमध्ये साचते, आणि माणूस नेमका टबमध्ये वाकून काम करत असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब नव्याने कोट करणारे १३ कामगार यामुळे मेल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. खिडकी उघडी ठेवली आहे किंवा कापडी मास्क लावला आहे, एवढं पुरत नाही. फवारायच्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतं, तेही फुफ्फुसांना वाईट. कामाच्या दिवशी आणि नंतर वास जाईपर्यंत घरातल्या कोणीही, विशेषतः दमा असलेल्यांनी, तिथे थांबू नये.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: आज चुंबक, मीटर, शाई आणि कपलिंगखालची तपासणी. त्यावरून ठेवायचा की बदलायचा. ठेवायचा तर झाकणं. मग टाइल, ग्राउट, रंग. मग टवका. आणि सिलिकॉन टवक्याच्याही नंतर.

सिलिकॉनबद्दल दोन वाक्यं, कारण इथे दुरुस्ती आणि टाइलकाम एकत्र येतात. टब आणि टाइल यांच्यामधल्या फटीत ग्राउट भरू देऊ नका, टब हलतो आणि ग्राउट हलत नाही, तिथे सिलिकॉनच हवं. भरण पूर्ण कडक झाल्यावर टब ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरा, म्हणजे वजनाने तो जितका बसायचा तितका बसेल, मग कडेला सिलिकॉन लावा आणि ते पक्कं होईपर्यंत, साधारण एक दिवस, पाणी तसंच राहू द्या. रिकाम्या टबला लावलेलं सिलिकॉन पहिल्या आंघोळीला ताणलं जातं आणि पुढे तिथूनच पाणी भिंतीत शिरतं.

नंतरच्या वापरात भरणीवर घासायची पावडर आणि तारेची घासणी नको, साबणाचं पाणी आणि मऊ स्पंज पुरे. आणि तळाला व्हॅक्यूमच्या कपांनी चिकटणारी रबरी मॅट ठेवू नका. मॅट उचलताना प्रत्येक कप खालचा रंग वर ओढतो, आणि तुमचं भरण नेमकं तिथेच आहे. निसरडं होऊ नये म्हणून मॅट हवीच असेल तर कप नसलेली घ्या आणि आंघोळ झाली की बाहेर काढून वाळत टाका.